फिल्टरला धनी कोण?



मागच्या मे महिन्यात तापीकाठच्या एका गावातून सकाळी सातलाच एका सभासदांचा निरोप आला, "साहेब, मोटर चालू शे, पानी बी शे, मंग ऊस कसा वाळी ऱ्हायना?" आम्ही व आमचे गटाचे चिटबॉय असे दोघे गेलो. तीन एकर सुरू लागण, को ८६०३२, पाच फुटी पट्टा, सगळा ऊस ठिबकावर. बांधावर उभे राहिले की दुखणे दिसत होते. वरच्या अंगाला, मेन लाईनजवळ, ऊस हिरवागार. खाली नळ्या संपतात तिथे पाने गुंडाळलेली, आणि मधल्या भागात एक बेट जोमात तर शेजारचे पिवळे. एका नळीचे शेवटचे टोक उघडले. आधी चहासारखा गाळ आला, मागून शेवाळाचे दोरे आले, आणि मग कुठे पाणी आले.

तिथून थेट विहिरीवर गेलो आणि जाळीच्या फिल्टरचे झाकण फिरवून काढले. आत जाळीच नव्हती! ती मोटारीच्या खोलीत खुंटीला टांगलेली सापडली. सालदाराला विचारले तेव्हा त्याने मोकळेपणाने सांगितले की जाळी असली की प्रेशर पडते, काढली की नळ्या टरारून फुगतात, म्हणून दिवाळीपासून काढून ठेवली आहे. मालकांना याचा पत्ता नव्हता. मालकांना वाटे सालदार पाहतो, सालदाराला वाटे ठिबकवाल्या दुकानदाराचा माणूस पाहील, आणि तो माणूस नळ्या अंथरून गेला त्यानंतर पुन्हा फिरकलेला नव्हता.

सालदार खोटे बोलत नव्हता, हे आम्ही मुद्दाम लिहितो. जाळी गाळाने भरली की पाणी अडते, पुढचे प्रेशर पडते. जाळी काढली की प्रेशर वाढते. त्याने डोळ्यांनी पाहिले तेच केले. ती जाळी बादलीत बुडवून मऊ ब्रशने पाच मिनिटे घासली असती तरी प्रेशर तेवढेच वाढले असते, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नव्हते. सांगायचे काम आमचे होते.

त्याच खळ्यात त्यांचा ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या हायड्रोलिकचे तेल केव्हा बदलले, फिल्टर केव्हा टाकला, हे मालकांनी आम्हांला मीटरच्या तासांसह तोंडपाठ सांगितले. कारण उघड आहे. तेलात कचरा गेला, पाणी जाऊन तेल दुधासारखे झाले, की पंप ओरडतो आणि भरलेली ट्रॉली उचलली जात नाही. ऐन तोडणीच्या दिवसात ट्रॉली अडकली तर गावभर बोभाटा होतो. शिवाय पंपाच्या किमतीपुढे फिल्टरची किंमत काहीच नाही, हे सर्वांना एकदा तरी अनुभवाने कळलेले असते. म्हणून कंपनीच्या पुस्तकात जितके तास सांगितले तितक्या तासांना फिल्टर बदलतात, आणि कागदाचा फिल्टर डिझेलमध्ये धुऊन पुन्हा बसवण्याचा लोभ आता फार थोडे लोक करतात. नवे तेल ओततानासुद्धा ते स्वच्छ चाडीतून, कोरड्या फडक्याने तोंड पुसून ओतले जाते. ट्रॅक्टरच्या बाबतीत आपण इतके शहाणे आहोत. मग त्याच खळ्यापासून दोनशे पावलांवरच्या पाण्याच्या फिल्टरच्या बाबतीत असे का व्हावे?

आमच्या मते कारण एवढेच, की ट्रॅक्टर एकदम अडतो आणि ठिबक हळूहळू मरते. एक ड्रीपर बंद पडला तर ऊस ओरडत नाही. हिशेब करून पाहा. पाच फुटी पट्ट्यात एकरी सुमारे २,६५० मीटर नळी लागते. दर ४० सेंटिमीटरवर ड्रीपर धरला तर एकरी साडेसहा हजारांवर ड्रीपर होतात. वरील सभासदांच्या तीन एकरांत वीस हजारांच्या आसपास झाले. वीस हजार तोंडे रोज कोण तपासणार? कुणाच्याही बापाला ते शक्य नाही. पण या सगळ्या तोंडांना जाणारे पाणी ज्या एका दारातून जाते ते दार विहिरीवर आहे, आणि ते तपासायला पाच मिनिटे पुरतात.

ड्रीपरच्या आतली वाट फार बारीक आणि नागमोडी असते, जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास. म्हणून सर्वसाधारण नियम असा, की त्या वाटेच्या दहाव्या हिश्श्याएवढा कणही फिल्टरने अडवला पाहिजे. एकटा कण अडकत नाही, पण दहा-बारा कण एकत्र आले की कमान बांधून बसतात. याच कारणाने आपल्याकडे जाळी साधारण १२० मेशची, म्हणजे १३० मायक्रॉनच्या आसपास असते. माणसाचा केस अदमासे ७० मायक्रॉन जाड धरला तर दोन केस शेजारी ठेवल्याएवढीच ही फट. डोळ्यांना जे पाणी नितळ दिसते ते ड्रीपरच्या लेखी नितळ नसते, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्या भागात पाणी तरी एक प्रकारचे कुठे आहे? कुणाची विहीर, कुणाची कूपनलिका, कुणी तापी-गिरणेवरून लिफ्ट केलेली, आणि अलीकडे शेततळी बरीच झाली. कूपनलिकेतून वाळू येते, तिला हायड्रोसायक्लोन लागतो. तो पाणी गरगर फिरवून जड वाळू खाली पाडतो. शेततळ्यात आणि नदीच्या पाण्यात शेवाळ असते. त्याला हायड्रोसायक्लोनचा काही उपयोग नाही, कारण शेवाळ जड नसते; तिथे वाळूचा फिल्टरच हवा आणि त्याच्यापुढे जाळीचा किंवा चकत्यांचा. शेजाऱ्याकडे आहे तोच फिल्टर आपल्याकडे बसवायचा, या चालीने पुष्कळांचे नुकसान झालेले आम्ही पाहिले आहे. फिल्टरचा आकारही मोटारीच्या पाण्याला बेताचा असावा लागतो. ताशी २५ घनमीटरच्या फिल्टरमधून ४० घनमीटर पाणी रेटले तर गाळणे नावापुरतेच उरते.

वाळूच्या फिल्टरविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. पाणी वरून येते, वाळूच्या थरातून खाली उतरते आणि घाण थरात अडकते. उलटे पाणी सोडले की थर फुगतो, सुटा होतो आणि घाण बाहेर पडते. यालाच बॅकवॉश म्हणतात. बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तो करायचा. एक मिनिट केला आणि व्हॉल्व्ह फिरवला, एवढ्याने भागत नाही. उलट फार जोरात केला तर वाळूच निघून जाते. सोडलेल्या पाण्याखाली हात धरला की हाताला वाळू लागते की नाही ते कळते. वर्षातून निदान एकदा, खोडवा राखताना किंवा लागणीच्या आधी, झाकण उघडून आत हात घालावा. थरावर चिखलाची पापडी धरली आहे काय, उंदराच्या बिळासारख्या वाटा पडल्या आहेत काय, हे पाहावे. पाणी आपले सोपी वाट शोधते. बीळ पडले की ते न गाळताच खाली जाते. ही वाळू नदीची नव्हे. ती कोनेरी, एकसारख्या मापाची सिलिका वाळू असते. कोने झिजून ती गुळगुळीत झाली किंवा चुन्याने तिचे गठ्ठे बनले की ती बदलायची, गाळून पुन्हा भरायची नाही. तापीची वाळू फुकट मिळते म्हणून फिल्टरमध्ये भरणारे एक गृहस्थ आम्हांला भेटले आहेत. त्यांच्या काटकसरीला आम्ही हात जोडले.

जाळीच्या फिल्टरला दोन्ही टोकांना रबराच्या रिंगा असतात. त्या वाळल्या, चिरल्या की पाणी जाळीला वळसा घालून जाते. फिल्टर दिसायला शाबूत, आतून उघडा. दहा पैकी तीन-चार ठिकाणी आम्हांला रिंगच दोषी आढळते, आणि रिंग ही सर्वांत स्वस्त वस्तू. जाळी घासायला तारेचा ब्रश वापरू नये. वाळूच्या फिल्टरनंतरच्या जाळीत जर वाळू सापडू लागली तर समजावे की वाळूखालचे नोझल फुटले आहे, आणि मोटार त्याच दिवशी थांबवावी.

हे सर्व न उघडता कळावे यासाठी फिल्टरच्या अलीकडे व पलीकडे प्रेशर गेज असतात. असतात म्हणजे असायला हवेत. बहुतेक ठिकाणी एक असतो व त्याचा काटा गंजून एकाच आकड्यावर बसलेला असतो. दोन्ही चालू असतील तर काम सोपे. फिल्टर स्वच्छ असताना दोहोंतला फरक किती, हे एकदा भिंतीवर खडूने लिहून ठेवावे. वाळूच्या फिल्टरला तो सामान्यतः चौरस सेंटिमीटरला ०.२ ते ०.३ किलो असतो. फरक अर्ध्या किलोवर गेला की धुवायची वेळ झाली. एवढे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण जाळीच्या फिल्टरवरचा फरक एकाएकी शून्यावर आला तर? आपल्याकडे त्याचा आनंद मानतात. वास्तविक त्याचा अर्थ जाळी फाटली किंवा कुणी तरी ती काढून खुंटीला टांगली, असाच निघतो. आमच्या त्या सभासदांकडे दोन चालू गेज असते तर दिवाळीतच हे उघडकीस आले असते.

फिल्टर उत्तम असला म्हणून सगळे भागले, असेही नाही. काळ्या मातीचा अगदी बारीक कण जाळीतून जातोच. तो नळीच्या शेवटाला जाऊन बसतो. म्हणून सबमेनचा फ्लश व्हॉल्व्ह आठवड्याला आणि नळ्यांची टोके पंधरा दिवसांनी, एकावेळी पाच-दहा, उघडून धुवायची. आणि चुना तर पाण्यात विरघळलेला असतो. तो कोणताही फिल्टर अडवू शकत नाही. ज्यांच्या घरी पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो, त्यांनी आपल्या ड्रीपरलाही तोच थर धरतो असे समजावे. त्याला आम्लप्रक्रियाच हवी. बादलीत एक लिटर पाणी घेऊन थेंब-थेंब आम्ल टाकीत सामू ४ वर आणायला किती लागले ते पाहायचे, त्यावरून टाकीचा हिशेब करायचा. आम्ल शेवटच्या ड्रीपरपर्यंत पोचले की मोटार बंद करून चोवीस तास ठेवायचे आणि मग सगळ्या नळ्या धुऊन काढायच्या. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. शेवाळासाठी क्लोरीन वापरणाऱ्यांनी क्लोरीन आणि आम्ल एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो. हे काम पहिल्यांदा करताना गटाच्या माणसाला बोलवावे.

खताची टाकी किंवा व्हेंचुरी वाळूच्या फिल्टरनंतर व जाळीच्या आधी असावी, म्हणजे न विरघळलेले खत जाळीत अडकते. कित्येक ठिकाणी ती जाळीच्या पुढे जोडलेली आम्ही पाहिली. विचारले तर "जागा तिकडेच होती" असे उत्तर!

आता मूळ प्रश्नाकडे येतो. यातले कोणतेही काम अवघड नाही, महागही नाही. शेतकी पदविकेच्या वर्गात आम्ही फिल्टरची आकृती काढून गुण मिळवले होते. ती आकृती आजही खरी आहे. अडचण आकृतीत नाही, माणसात आहे. फिल्टर कुणाचा, हे ठरलेले नाही.

आपल्या खानदेशाला ही गोष्ट नवी नाही. पांझरेच्या काठी फड पद्धत होती, आणि काही गावांत तिच्या खुणा अजून आहेत. नदीवर बंधारा, त्यातून पाट आणि पाटाखाली फड. तिथे पाणी सोडणारा पाटकरी ठरलेला असे, राखण करणारा जागल्या ठरलेला असे, आणि हंगामाआधी पाटातला गाळ लाभधारकांनी मिळून काढायचा हा रिवाज असे. पाटकऱ्याला गावच मोबदला देई, आणि पाणी शेवटच्या शेताला पोचले नाही तर कुणाला विचारायचे हे प्रत्येकाला ठाऊक असे. पाट उघडा होता, गाळ सर्वांना दिसत होता, म्हणून हे सोपे होते असे कुणी म्हणेल. तेही खरे आहे. आता पाट नळीत बंद झाला. गाळ दिसेनासा झाला आणि त्याबरोबर पाटकरीही गेला.

दुसरीकडे ठिबकाच्या बाबतीत आपला जिल्हा मागासलेला आहे असेही कुणी म्हणू शकणार नाही. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस जळगावात ठिबकाचा व्यवसाय उभा केला आणि चोपडा, यावल, रावेरची केळी त्यावर पोसली गेली. तापीकाठच्या त्याच पट्ट्यात भूजल खोल खोल जात राहिले, तेव्हा पाटपाण्याने ऊस भिजवण्याचे दिवस संपले हेही उघड आहे. राज्य मंत्रिमंडळाने जुलै २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. सक्तीने नळ्या शेतात येतात. सक्तीने जाळी धुतली जात नाही.

सरकारी अनुदानाचीही एक बाजू सभासदांनी ध्यानात ठेवावी. एकदा अनुदान घेतले की त्याच क्षेत्रासाठी सात वर्षे पुन्हा मिळत नाही. म्हणजे संच सात वर्षे चालला पाहिजे. जाळी नसलेला संच दोन हंगामांत भंगारात जाताना आम्ही पाहिला आहे. मग पाच वर्षे काय करायचे? पाटपाणी द्यायला विहिरीत पाणी नाही, नव्या नळ्या घ्यायला हातात पैसा नाही. अशा वेळी माणूस ऊस मोडतो आणि "ठिबक आमच्या जमिनीला मानवत नाही" असे चारचौघांत सांगतो. त्याचे ऐकून आणखी दोघे मोडतात. खानदेशातले किती सहकारी कारखाने उसाअभावी आणि कर्जापायी अडचणीत आले हे आपल्या सभासदांना सांगायला नको. आपल्या गव्हाणीत पडणारा ऊस त्या फिल्टरच्या झाकणाखालून येतो, असे आम्ही म्हटले तर कुणी हसू नये.

यात आमच्या खात्याचा दोष आहे, तो आम्ही झाकत नाही. ऊस नोंदीत आम्ही जात लिहितो, लागणीची तारीख लिहितो, सिंचनाच्या रकान्यात "ठिबक" असे लिहून मोकळे होतो. ते ठिबक ठिबकते की नाही, हे आम्ही विचारले नाही. एकरी उतारा घटला की बेणे, खत, हुमणी यांवर चर्चासत्रे घेतली, फिल्टरवर एकही घेतले नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे. ठिबकावरील उसाची नोंद करताना फिल्टरचा पाटकरी कोण, त्याचे नाव लिहून घ्यावे. मालक असोत, मुलगा असो, सून असो की सालदार असो, पण एकच नाव. पुष्कळ घरांत मोटार सुरू करायला बाईमाणूसच जाते, तेव्हा ते नाव तिचेच असावे आणि शिकवायला आम्ही तिच्याकडेच जावे. चिटबॉयने प्रत्येक फेरीला दोन्ही गेजचे आकडे वहीत टिपावेत. गट कार्यालयात रिंगा, जाळ्या आणि गेज ठेवून ते उसाच्या बिलातून कपात करून द्यावेत. एका रिंगेसाठी माणूस तालुक्याला जात नाही; तो सुतळी गुंडाळतो.

आणि एक कडू गोष्ट. ज्यांच्या फिल्टरात जाळी नाही, त्यांच्या नव्या नळीच्या कर्जअर्जावर आमच्या खात्याची शिफारस पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यावर काही सभासद नाराज होतील. अगोदरच नडलेल्या माणसाला तुम्ही आणखी नाडता, असे एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांला तोंडावर सुनावले. त्यांचे म्हणणे आम्ही टाकाऊ मानत नाही. परंतु जाळीशिवाय नवी नळी देणे म्हणजे त्याच माणसाच्या डोक्यावर दुसरे कर्ज चढवणे होय. अर्ज आला की आम्ही आधी जाळी बसवून देऊ, मग सही करू. इतकी सवलत ठेवायला आमची तयारी आहे. हा विषय संचालक मंडळापुढे आणि पुढे वार्षिक सर्वसाधारण सभेत यावा. विरोध असणाऱ्यांनी तिथे जरूर बोलावे.

त्या सभासदांच्या उसाचे काय झाले, असे काही जण विचारतील. जाळी बसवली, नळ्या सलग चार दिवस धुतल्या, आम्लप्रक्रिया दोनदा केली. चार लिटरच्या ड्रीपरखाली पंधरा मिनिटे बाटली धरली तर एक लिटर पाणी भरले पाहिजे. सुरुवातीला शेवटाकडच्या बाटल्यांत पावशेरही भरत नव्हते. शेवटी पाऊण लिटरपर्यंत आले. वरचा दीड एकर सावरला. खालच्या अंगाच्या बऱ्याच नळ्या काढून टाकाव्या लागल्या आणि तिथला ऊस पाऊस पडेपर्यंत जेमतेम तगला. त्यांचा सालदार आता दर सोमवारी गेजचे आकडे मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर लिहितो. मालकांनी त्याला त्या कामाचे वेगळे पैसे ठरवून दिले आहेत. ते त्यांनी आपणहून केले.

लागणीचा हंगाम जवळ येत आहे. गट कार्यालयात शेतकी खात्याचा माणूस भेटेल. येताना आपल्या फिल्टरची जाळी काढून सोबत आणावी, म्हणजे रिंगेचे माप तिथेच घेता येईल. मात्र जाळी आणली त्या दिवशी मोटार बंद ठेवावी.